दोन शब्दांतला धाकटा

शिरूरच्या आमच्या घरात संध्याकाळच्या जेवणाला एक शिस्त होती. बाजरीची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की अण्णा, म्हणजे माझे वडील, इंग्रजीतले जवळजवळच्या अर्थाचे दोन शब्द उच्चारत आणि त्या दोहोंतला फरक आम्ही मुलांनी समोरच्या एखाद्या वस्तूवर बोट ठेवून दाखवायचा असे. पुस्तकातली व्याख्या चालत नसे. 'हॉट' आणि 'वॉर्म' आले तेव्हा मी आधी तव्याकडे आणि मग टोपलीतल्या भाकरीकडे बोट केले होते. 'क्रॅक्ड' आणि 'ब्रोकन'साठी कोपऱ्यातला झिरपणारा माठ आणि अंगणात पडलेले गेल्या वर्षीच्या माठाचे खापर पुरले. 'थिन' आणि 'लीन'च्या वेळी माझ्या धाकट्या भावाने ताकाच्या वाटीकडे बोट केले आणि मग थेट अण्णांकडेच. आई हसू दाबत चुलीकडे वळली. अण्णांनी स्वतःच्या मनगटाकडे एकदा पाहिले, 'बरोबर' म्हणाले आणि भाकरी मोडली. बाहेर एसटी स्टँडावर नगरच्या गाडीची घोषणा चाललेली असे, आत शेंगदाण्याच्या चटणीचा वास भरलेला असे, आणि आमच्या डोक्यांत दोन शब्द एकमेकांना ढकलत बसलेले असत.

अण्णा कवठे येमाईचे. त्यांच्या वडिलांनी मेंढरांमागे उन्हाळे-पावसाळे काढले होते, आणि खडू हातात धरणारे अण्णा त्या घरातले पहिलेच. शिरूरच्या एका हायस्कुलात ते इंग्रजी शिकवीत. नोकरीच्या सुरुवातीला एक साहेब शाळा तपासायला आले असताना अण्णांनी वर्गातल्या थंडीसाठी 'फ्रीझिंग' हा शब्द वापरला. साहेबांनी सगळ्या वर्गादेखत विचारले, "मास्तर, बर्फ कुठं आहे? दाखवा की." मुलेही हसली. तेव्हापासून अण्णांनी स्वतःला एक नियम घालून घेतला आणि तोच आम्हालाही लावला. दोन शब्द समोर आले आणि निवड होत नसेल, तर त्यांतला धाकटा उचलावा. मोठा शब्द चुकला तर माणसाचे हसे होते, धाकटा चुकला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. साहेबाशी, डॉक्टरांशी, कचेरीत बोलताना तर हा नियम ते विशेष कटाक्षाने पाळीत. आपल्या लोकांना आधीच आरडाओरडा करणारे समजतात, तेव्हा आपण बेताने बोलावे, असे ते म्हणत.

मी पुढे स्वतः इंग्रजीच शिकवले. शब्दांच्या जोड्या लावण्याचा खेळ माझ्या वर्गांतही चालला, आणि मुले त्यात अजून रमतात असे मला आता स्वतः शिक्षक झालेले माझे जुने विद्यार्थी सांगतात. धाकटा शब्द उचलण्याचा नियम मात्र मी कुणाला शिकवला नाही. त्याचे कारण दौंडला घडले.

दहावीची परीक्षा होऊन निकालाची वाट पाहण्याचे दिवस होते. दौंडच्या हिरामामीला सातवा महिना लागला होता आणि घरात दुसरे बाईमाणूस नव्हते, म्हणून आईने मला तिच्या हाताखाली पाठवले. दत्तूमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमालांचा मुकादम होता. रुळांच्या कडेच्या एका चाळवजा रांगेत त्यांच्या दोन खोल्या होत्या. शिरूरला गाड्यांचा आवाज म्हणजे एसटीचा. येथे मात्र डब्याला डबा जोडतानाचा तो लोखंडी ठोका दिवसभर भिंतींतून चालत येई आणि फळीवरची भांडी एका सुरात थरथरत. मामीला त्याचे काही वाटत नसे. ती गाड्यांविषयी शेजारणींविषयी बोलावे तसे बोले. लांबलचक मालगाडी सिग्नलाला थांबली की म्हणे, "बघ, ही बी माझ्यागत. चार पावलं चालती आन् बसती."

ही थट्टा होती तशीच ती खरीही होती, हे मला लवकरच दिसू लागले. नळ घरापासून फार दूर नव्हता, पण तेवढ्या वाटेत मामी कळशी दोनदा खाली ठेवी. भाकरी थापताना मध्येच थांबे, एक हात परातीत आणि एक चौकटीवर टेकून उभी राही आणि तोंडाने श्वास घेई. कळशी आणि भाकरी दोन्ही मी माझ्याकडे घेतल्या. माझ्या भाकरीला कडा नीट येत नसत. मामी त्यांना 'शिरूरचा नकाशा' म्हणे आणि तोच नकाशा हुलग्याच्या शेंगोळ्यांबरोबर मनापासून खाई. पुढे पुढे ती दोन घास खाऊन ताट सरकवू लागली. शेजारच्या बायका म्हणत की पोट वर आले की असे होतेच. मामा तिला एकदा दवाखान्यात घेऊन गेला होता. तिथल्या कंपाउंडरने तिचे ऐकून आत डॉक्टरांना 'वीकनेस' एवढेच सांगितले आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या दवाखान्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. डॉक्टर दक्षिणेकडचे होते, नुकतेच आले होते, त्यांना मराठी येत नव्हती आणि हिंदीही आमच्या अण्णांहून कच्ची होती. कंपाउंडर हीच त्यांची जीभ आणि हेच त्यांचे कान. त्याच्यापाशी सगळ्या दुखण्यांसाठी शब्द दोनच होते, 'पेन' आणि 'वीकनेस'.

सकाळी मला जाग येई तेव्हा मामी उठून बसलेली असे. आरंभी मला वाटले की तिला लवकर उठण्याची सवय आहे. मग लक्षात आले की तिचे अंथरूण झोपल्यासारखे चुरगळलेलेच नाही. भिंतीला वळकटी लावून, तिला पाठ टेकून ती बसल्या बसल्याच डोळे मिटत होती. मी खोदून विचारले तेव्हा तिने दाराकडे पाहिले, मामा अंगणात दात घासत होता, आणि ती हळू आवाजात म्हणाली, "आडवं पडलं का पान्यात बुडाल्यागत हुतंय गं. वर यावं म्हणती, येता येत न्हाई. तुझ्या मामाला सांगू नगं, उगं घाबरंल. लेकरू दांडगं हाय, जागा मागतंय, दुसरं काय."

तिच्या ओठांचा रंग मला त्या उजेडात बरा वाटला नाही. मी मामाला सांगितले. त्याने त्या दिवशी तिला पुन्हा दवाखान्यात न्यायचे कबूल केले, पण धक्क्यावर खताची गाडी लागली होती आणि मुकादमाला हलता येईना. नेमके त्याच सकाळी अण्णा शिरूरहून आले. निकाल जवळ आल्यामुळे मला परत न्यायला आणि येताना आंब्यांची पेटी पोचवायला आले होते. मामीची अवस्था पाहून त्यांनी पेटी उंबऱ्याशीच ठेवली आणि रिक्षा बोलावली. वाटेत ते मला एवढेच म्हणाले की बरे झाले मी आलो, डॉक्टरांशी सरळ इंग्रजीत बोलता येईल, मधे कुणी नको. मलाही हायसे वाटले. इंग्रजीच्या बाबतीत आमच्या घरी अण्णांचा शब्द शेवटचा होता.

डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली, मामी बाकावर बसली, मी तिच्या बाजूला उभी राहिले. काय त्रास होतो, असे त्यांनी इंग्रजीत विचारले. अण्णांनी मामीकडे वळून, पण तिच्याकडे न पाहता, तोच प्रश्न मराठीत विचारला. येथे तरुण वाचकांना सांगितले पाहिजे की मेव्हण्याची बायको आणि दाजी यांच्यात त्या काळी किती अंतर असे. एका खोलीत दोघे आले तर मामी पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करी. आता तिने त्यांना आपल्या शरीरातले दुखणे सांगायचे होते. ती फरशीकडे पाहत म्हणाली, "काय न्हाई दाजी. जरा जीव घाबरतोय."

अण्णा क्षणभर थांबले. त्या क्षणात त्यांच्या मनात काय चालले होते ते मला अक्षरशः दिसत होते, कारण तसाच विचार करायला त्यांनी मला शिकवले होते. जीव घाबरणे म्हणजे भीती वाटणे नव्हे हे कंपाउंडरला कळले नसते, अण्णांना पक्के ठाऊक होते. त्यांनी 'अफ्रेड' बाजूला ठेवला. 'रेस्टलेस' घेतला आणि ठेवला. मग नेमका शब्द त्यांच्या हाती आला, आणि मामीचा 'जरा'सुद्धा त्यांनी गाळला नाही.

"शी इज फीलिंग अ लिटल अनईझी, डॉक्टर," ते म्हणाले.

भाषांतर म्हणून त्यात एक अक्षर चूक नव्हती. मी आजही त्याला पूर्ण गुण देईन. डॉक्टरांनी मान डोलावली, नाडी पाहिली आणि समजावणीच्या सुरात सांगितले की सातव्या महिन्यात असे वाटणे स्वाभाविक आहे, काळजीचे कारण नाही. गोळ्या चालू ठेवा, मिठाचे बेताने खा, आणि मुख्य म्हणजे यांना घरात काम करू देऊ नका, दिवसभर आडवे पडून राहू द्या. उशीसुद्धा नको म्हणाले, सपाट झोपणे चांगले. अण्णांनी 'थँक यू' म्हटले आणि मामीला मराठीत सांगितले, "झोपून राहा म्हणतात. अगदी सपाट."

मामीने मान हलवली. साहेबांनी सांगितले म्हणजे ती झोपणार होती, हे मला कळले. बुडाल्यागत झाले तरी ती निजून राहणार होती, कारण तिला तसे सांगण्यात आले होते. डॉक्टरांनी पुढच्या रोग्यासाठी घंटीकडे हात नेला. वडील बोलत असताना मधे बोलण्याची आमच्या घरात रीत नव्हती, आणि परक्यासमोर त्यांचा इंग्रजी शब्द खोडून काढणे ही तर मला कल्पनेतही न येणारी गोष्ट होती. तरी मी एक पाऊल पुढे सरकले. मी म्हणाले, "नॉट अनईझी, सर. ब्रेथलेस."

डॉक्टर हसले, दयाळूपणे हसले. सगळ्याच आया ब्रेथलेस होतात, म्हणाले. त्यांचे बरोबर होते. पळून आलेले पोरही ब्रेथलेस असते, आनंदाची बातमी ऐकलेला माणूसही असतो. मी धाकटाच शब्द उचलला होता. अण्णांनी माझ्याकडे वळून फक्त "सुनंदा" असे म्हटले. एरवी तेवढे मला पुरत असे.

मी पुढचा शब्द शोधू लागले. 'सफोकेट' आठवला, पण तो कोंदट खोलीचा, धुराचा शब्द, आणि येथे दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. 'चोक' म्हटले तर घशात घास अडकल्याचे वाटणार. दोन्ही शब्द मी एकेकदा मनात उलटून पाहिले आणि दोन्हींनी माझी फसवणूक केली. तिसरा एक शब्द होता आणि तो वापरता येणार नाही असे मला वाटत होते, कारण त्याला पाणी लागते. नदी, विहीर, तळे, काहीतरी लागते. अण्णा विचारतील पाणी कुठे आहे, त्या साहेबाने बर्फ कुठे आहे असे विचारले होते तसेच. घंटी वाजली. दारातून एक म्हातारा आत येऊ लागला.

"शी ड्राउन्स, सर," मी म्हणाले. "व्हेन शी लाइज डाउन, शी ड्राउन्स."

अण्णा खुर्चीवरून अर्धवट उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "एक्स्क्यूज हर, डॉक्टर," ते म्हणाले, "दॅट इज नॉट द वर्ड. शी मीन्स..." पण डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवले होते. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांचे हसू पुसले गेले होते.

"इज दॅट युवर वर्ड," त्यांनी सावकाश विचारले, "ऑर हर्स?"

हा शब्द तुझा की तिचा. पुढे किती परीक्षकांपुढे मी बसले, पण याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी म्हणाले, "हर्स, सर."

त्यांनी म्हाताऱ्याला बाहेर थांबायला सांगितले आणि मामीला तपासणीच्या टेबलावर घेतले. आडवे होण्याची खूण करताच मामीने माझ्याकडे पाहिले. मग पदर सावरून ती निजली, सांगितल्याप्रमाणे अगदी सपाट. थोडा वेळ काहीच झाले नाही, आणि त्या थोड्या वेळात मला वाटले की मी सगळ्यांना लाज आणली आहे. मग तिची बोटे टेबलाच्या कडेवर आवळली. मान ताणली गेली, तोंड उघडले, डोळे छताकडे लागले आणि घशातून बुडबुड्यांसारखा बारीक आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तिला उठवून बसवले, पाठीशी स्वतःचा खांदा दिला आणि छातीवर नळी लावून कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. अण्णा भिंतीपाशी उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. ते देवाचे नाव घेत होते की तो शब्द पुन्हा म्हणून पाहत होते, मला माहीत नाही.

त्यानंतर सगळे फार घाईने झाले. एक इंजेक्शन दिले गेले, नाकाशी प्राणवायूची नळी धरली गेली, मामीचा श्वास थोडा खाली बसला. काळजाची झडप अरुंद झालेली असणार, लहानपणी सांधे सुजण्याचा ताप आला असेल, त्याचे हे फळ, असे डॉक्टरांनी अण्णांना सांगितले. येथे काही करता येणार नाही, आजच पुण्याला नेले पाहिजे, आणि वाटेत हिला क्षणभरही आडवे होऊ देऊ नका. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी स्वतः फोन लावला. स्टेशनवर मामीला त्यांनीच खुर्चीत बसवून आणवले. प्राणवायूची नळी धरून ते गाडी येईपर्यंत आमच्याजवळ उभे राहिले.

निरोप मिळताच मामा धक्क्यावरून धावत आला. त्याच्या भुवयांवर खताची पांढरी भुकटी तशीच होती. "दाजी, काय झालं हिला? सकाळी तर चालती-बोलती व्हती," तो म्हणाला. अण्णांनी नेहमीप्रमाणे त्याला धीर देण्यासाठी तोंड उघडले. "काही नाही दत्तू, जरा..." असे ते म्हणाले आणि थांबले. गाडी फलाटाला लागत होती. अण्णा घरातसुद्धा शुद्ध, शाळेतली मराठी बोलत. त्यांच्या तोंडी मी कवठ्याची बोली त्या दिवशी प्रथम ऐकली. "लय वाईट हाय, दत्तू," ते म्हणाले. "जीवावरचं हाय. चल, बस गाडीत."

गाडी पुण्याकडे निघाली. मामी खिडकीपाशी ताठ बसली होती, मामाने तिला मागून आधार दिला होता, आणि तिचे डोळे मिटू लागले की तो तिला रुळांलगतची गावे दाखवी. अण्णा समोर बसून तिच्या श्वासाकडे पाहत होते. मी त्यांच्या शेजारी होते. माझ्यावर ते रागावले आहेत की नाहीत हे मला कळत नव्हते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा त्याचे महत्त्वही उरले नव्हते. प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबली की मी मनातल्या मनात तिला पुढे ढकलत होते.

पुढचे थोडक्यात सांगते. मामीची झडप पुण्याला मोकळी करण्यात आली. मुलगी वेळेआधी झाली, ओंजळीत मावेल एवढी, आणि जगली. मामी पुढे बरीच वर्षे जगली, कळशी मात्र तिने पुन्हा उचलली नाही. ती मुलगी आता दौंडलाच असते आणि तिच्या भाकरीच्या कडा माझ्याहून चांगल्या येतात.

पण मला त्या दिवसातले सांगायचे राहिले आहे ते वेगळेच. पुण्याच्या त्या हॉस्पिटलात मामीला चाकांच्या खुर्चीतून आत नेले तेव्हा समोर एक वयस्क डॉक्टरीणबाई आल्या. त्या मराठीच होत्या. इंग्रजीचा आता प्रश्नच नव्हता. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहत विचारले की काय होतेय यांना, कोण सांगते. मामाने अण्णांकडे पाहिले. असल्या ठिकाणी सगळ्यांच्या वतीने नेहमी अण्णाच बोलत. अण्णा एक पाऊल मागे सरले आणि मला म्हणाले, "सुनंदा, तू सांग."

माझ्यापाशी सगळे शब्द तयार होते, आणि आता ते मराठीतच सांगायचे होते. तरी मला तो प्रश्न आठवला, तुझा की तिचा. मी खुर्चीपाशी वाकले आणि म्हणाले, "मामी, तूच सांग."

मामीने सवयीने पदर पुढे ओढला. "काय न्हाई बाई, जरा..." तिने सुरुवात केली. मग तिने पदराची मूठ सोडली, मान वर केली आणि बाईंच्या डोळ्यांत पाहिले.

"जरा न्हाई," ती म्हणाली. "आडवं पडलं का बुडतीया मी. लय दिस झालं. कुणाला बोलली न्हाई." आणि श्वास घेत, थांबत, पुन्हा श्वास घेत ती सांगू लागली. नळावरची वाट सांगितली, परातीतला हात सांगितला, भिंतीला टेकून काढलेल्या रात्री सांगितल्या. बाईंनी तिला घाई केली नाही. कुणाचेही वाक्य दुरुस्त केल्याशिवाय न राहणारे माझे वडील, दाजी असूनही तिथेच उभे राहून, तिचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐकत राहिले.